टाकळीकरांचं मीटर

आवटी बाई दारात आल्या तेव्हा मी मिक्सर उघडून बसलो होतो. सकाळचे साडेअकरा झाले असतील. दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली.

"मगदूम भाऊ, तुमचा फोन लागत नाही."

"आत चार्जिंगला आहे. का हो?"

"चपला घाला. शालनला मिरजेत दवाखान्यात नेलंय. बसमध्ये चक्कर आली तिला. कंडक्टरचा फोन होता."

"तुम्हाला?"

"हो, मला. चला, खाली रिक्षा थांबवलीय."

शालन, माझी बायको, सकाळी नऊच्या सुमाराला म्हैसाळला भावाकडे निघाली होती. संध्याकाळपर्यंत येते म्हणाली होती. विश्रामबागेतून मिरजेला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाई बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. मी दोनदा विचारलं, शुद्धीवर आहे का. त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी सांगितलं की ती बसमध्येच गेली होती.

बाईंना हे फोनवरच कळलं होतं. माझ्या दारात उभ्या होत्या तेव्हाही माहीत होतं आणि रिक्षातही. दुसरं म्हणजे, कंडक्टरनं शालनच्या मोबाईलवरचा शेवटचा नंबर लावला होता. तो माझा नव्हता, बाईंचा होता. त्या दिवशी मी या दोन गोष्टी बाजूला ठेवल्या. पुढं मात्र रोज काढून बघत गेलो. याला आता नऊ वर्षं झाली.

आवटी बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या, यजमान लवकर गेले, मुलगा बेंगळुरूला. बिल्डिंग नवी होती तेव्हापासून त्या समोर आहेत. दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोनच घरं.

मी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होतो, अठ्ठावीस वर्षं. शालन पोस्टाच्या बचतीची एजंट होती. लोकांच्या खात्यांची कामं करता करता तिला कॉम्प्युटर यायला लागला, आणि एके दिवशी तिनं घरातली सगळी बिलं बँकेच्या साइटवर लावून टाकली. लाइट, फोन, विमा. ग्राहक नंबर एकदा नोंदवायचा, मग दर महिन्याला बँक आपल्या खात्यातून आपोआप भरते. मला ते पटलं नव्हतं. मी रांगेत उभा राहून शिक्का बघणारा माणूस.

"पावती कुठाय?" मी विचारायचो.

"मोबाईलमध्ये."

"त्याच्यावर शिक्का?"

"बँकेच्या साहेबांना सांगते, घरी येऊन मारून जावा म्हणून. चहा तुम्ही करा."

बारा दिवस झाले, पाहुणे गेले. आमची एकुलती मुलगी त्रिशला पुण्याला परत गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"पप्पा, खात्यावरचं आईचं नाव काढायला बँकेत जाल, त्याआधी एक करा. आईच्या मोबाईलवर बँकेचं उघडा आणि कुठकुठली बिलं लावलीत ते लिहून घ्या. तिचं नाव निघालं की ती सगळी बंद पडतील."

"मला कुठं येतंय ते?"

"तिची निळी वही आहे ना, त्यात पासवर्ड असेल. मी फोनवर थांबते. दुसऱ्या फोनवर करा."

त्या दिवशी तिनं एकेक पायरी सांगितली आणि मी दाबत गेलो. यादी आली. शालननं प्रत्येक बिलाला एक टोपणनाव दिलं होतं, तशी सोय असते त्यात. "विमा यांचा", "विमा माझा", "फोन", आणि शेवटी "घर".

"घर म्हणजे लाइट असेल," त्रिशला म्हणाली. "आता येईल तुम्हाला. लिहून ठेवा सगळं. कुकर झालाय, ठेवते मी."

मी "घर" दाबलं. वीज कंपनीचं नाव आलं, बारा आकडी नंबर आला आणि खाली ग्राहकाचं नाव आलं. टाकळीकर जयंत शिवराम.

मला वाटलं मी चुकीचं दाबलं. मागं जाऊन परत आलो. तेच नाव. मग मी आमचं या महिन्याचं कागदी बिल आणलं, पेटीतून मीच काढून ठेवलं होतं. त्यावर मगदूम भूपाल नेमगोंडा, म्हणजे मी. नंबर पूर्ण वेगळा. आमचा नंबर शालनच्या यादीत कुठेच नव्हता. टाकळीकराचं बिल मात्र दर महिन्याला भरलेलं होतं. मी बोट वर सरकवत गेलो, सहा वर्षं मागं गेलो, तरी टाकळीकरच.

मग आमचं बिल? मी कागद उलटसुलट पाहिला. मागची बाकी शून्य. मागच्या महिन्यात वेळेवर भरणा. आमच्या खात्यातून तर गेलेला नव्हता. म्हणजे माझी बायको सहा वर्षं एका परक्या माणसाचं बिल भरत होती, आणि माझ्या घराचं बिल दुसरंच कोणीतरी भरत होतं. ते कोण, हे मी लगेच ठरवून टाकलं. टाकळीकरच. तिनं त्याचं भरायचं, त्यानं तिचं. आणि त्याच्या बिलाला तिनं नाव दिलं होतं घर.

संध्याकाळी मी त्रिशलाला फोन केला.

"टाकळीकर कोण गं?"

"कोण टाकळीकर?"

"जयंत टाकळीकर. आईच्या ओळखीतला."

"पोस्टातलं गिऱ्हाईक असेल कोणी. का?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी लाइट ऑफिसला गेलो. काउंटरवर चष्मा लावलेली एक बाई होती. मी नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढं केली आणि या माणसाचा पत्ता पाहिजे म्हणालो.

"तुमचं बिल आहे का हे?"

"नाही."

"मग दुसऱ्याची माहिती देता येत नाही."

"मी भरलंय हे बिल. सहा वर्षं."

"सहा वर्षं भरलंय, मग कोण ते तुम्हालाच माहीत पाहिजे की काका."

मागं रांगेत दोघं हसले. मी चिठ्ठी घेतली आणि बाहेर आलो.

मग आठवलं की शालन रेशमी साड्या टाकळीकर ड्रायक्लीनर्सकडे द्यायची. गावभागात दुकान आहे. मी स्वतःचा एक कोट घेऊन गेलो. वीस वर्षं न घातलेला कोट. गल्ल्यावर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते, कानाला मशीन लावलेलं.

"जयंतराव आहेत का?" मी मोठ्यानं विचारलं.

"कोण?"

"जयंत. जयंत शिवराम टाकळीकर."

"आमच्यात शिवराम नाही कोणी. माझं नाव गजानन. मुलगा प्रसाद. जयंत कशाला पाहिजे?"

"काही नाही. मगदूमबाई साड्या टाकायच्या तुमच्याकडे. शालन मगदूम."

"असतील. साड्या लक्षात राहतात, बायका कुठं लक्षात राहतात आता." त्यांनी कोट उजेडात धरला. "कसर लागलीय याला. धुऊन उपयोग नाही. परत घेऊन जा."

कोट घेऊन मी परत आलो. त्या रात्री मी पहिल्यांदा एकट्यापुरता स्वयंपाक केला नाही. सकाळी उठलो, मोबाईल घेतला, "घर"वर बोट ठेवलं. हे बिल काढून टाकायचं का, असं विचारलं. हो. नक्की का? नक्की. ते यादीतून गेलं. मग मी कागदी बिल घेऊन लाइट ऑफिसच्या रांगेत उभा राहिलो, माझ्या नावाचं बिल माझ्या हातानं भरलं, शिक्का बघितला. पुढच्या महिन्यातही तसंच केलं.

पहिलं बिल भरून तीन आठवडे झाले असतील, आवटी बाई आल्या. हातात झाकलेली वाटी होती.

"आंबील केलीय. आणि मगदूम भाऊ, जरा लाइट बिलाचं बोलायचं होतं."

"आमच्या लाइट बिलाचं?"

"म्हणजे दोन्हींच्या. शालन होती तोपर्यंत आम्ही दोघी…"

"टाकळीकर कोण आहे, बाई?"

वाटी त्यांनी दोन्ही हातांत तशीच धरली होती.

"हे नाव तुम्हाला कुठं मिळालं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"आत येऊन बसून सांगते. उभ्यानं सांगण्यासारखं नाही ते."

"मला कळायचं ते कळलंय. तिचे निरोप तुम्हीच न्यायचात काय?"

"कसले निरोप?"

"तेच विचारतोय मी. शेवटचा फोनही तुम्हालाच होता. मला नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही आज शुद्धीत नाही भाऊ. मी नंतर येते."

"नंतरही येऊ नका."

मी दार लावलं. आंबीलीची वाटी त्यांनी चपलांच्या स्टँडवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती.

त्यानंतर पंधरवड्यानं एका सकाळी दाराखालून एक कागद आत आला. उचलला तर लाइट बिल. टाकळीकर जयंत शिवराम. वर पेन्सिलीनं बाईंचं अक्षर होतं, फळ्यावर लिहितात तसं सरळ. "हे भरा, नाहीतर लाइट तोडतील. मी बेंगळुरूला जाते आहे. आल्यावर बोलू."

पत्ता वाचायचं मला सुचलं नाही. नाव वाचलं आणि फाडला. मेलेल्या बाईच्या नवऱ्याकडून हा माणूस आता बिलं भरून घेणार, आणि तीही शेजारणीच्या हातून. मी तसाच त्रिशलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. यादीतलं घर, टाकळीकर, सहा वर्षं, त्यानं आपलं बिल भरणं, बाईंनी मध्ये असणं. आईचं कोणीतरी होतं, असं मी माझ्या मुलीला सांगितलं. याच शब्दांत.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"किती वर्षं म्हणालात?"

"सहा."

"आई माझ्या बाळंतपणाला पुण्याला आली होती ना तेव्हाच ते. आई गॅलरीत जाऊन फोनवर बोलायची. मी आले की ठेवायची. मी विचारलं होतं तिला एकदा."

"काय म्हणाली?"

"बिलाचं बोलत होते म्हणाली."

"बघ," मी म्हणालो.

ती रडत होती की काय ते कळलं नाही. मग म्हणाली, "पप्पा, हे आता कोणाला सांगू नका. आणि मलाही परत सांगू नका." फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटी वायरमन आला. खाडे नाव त्याचं, पन्नाशीचा, मला तोंडओळखीनं माहीत होता. मी रेडिओ लावून जेवायला बसणार होतो. त्यानं जिन्यातून हाक मारली.

"काका, टाकळीकर कितव्या मजल्यावर?"

मी ताट ठेवून बाहेर आलो. "कोण?"

"टाकळीकर. जयंत शिवराम. दोन महिन्यांची बाकी आहे, कनेक्शन तोडायचा आदेश आहे."

"या बिल्डिंगमध्ये?"

"मीटर तर इथलंच आहे. या, दाखवतो."

जिन्याखाली लोखंडी जाळीच्या दाराआड आमच्या बिल्डिंगची सगळी मीटरं आहेत. बारा वर्षं मी रोज त्या दारासमोरून जात होतो. खाडेनं बॅटरी मारली. वरच्या रांगेत डावीकडून दुसरं माझं, मगदूम, रंगानं लिहिलेलं मलाच आठवत होतं. त्याच्या शेजारच्या मीटरवर नाव नव्हतं, नुसता नंबर. खाडेनं आपल्या कागदाशी नंबर ताडून पाहिला.

"हेच. इथं राहतात का कोणी टाकळीकर?"

"नाही. पण असेल लपून कुठंतरी."

तो माझ्याकडे बघायला लागला. "काका, ओळखीचे असतील तर फोन करा की. मोबाईलवरून आत्ता भरता येतं, पाच मिनिटांत. मी थांबतो. उन्हाळा आहे, कोणाच्या घरात लहान मूल असतं, म्हातारं असतं."

"मी कशाला फोन करू? तोडा."

"बघा बुवा. मला तोडायचा शौक नाही."

"तोडा म्हणतोय ना."

त्यानं तोडलं. वर माझ्या घरात रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"तुमची गेली काय?" खाडे म्हणाला.

"सगळीकडचीच गेली असेल."

पण तळमजल्यावरचा टीव्ही चालू होता, आणि जिन्यातला दिवाही. मी वर गेलो. पंखा थांबलेला. फ्रिज गप्प. बटणं खालीवर करून पाहिली. मग टेस्टर घेऊन खाली आलो. खाडेच्या हातातली बॅटरी घेतली आणि टाकळीकराच्या मीटरमधून निघालेली केबल धरून हळूहळू वर पाहत गेलो. ती माझ्या घराकडे गेली होती. माझ्या मीटरमधली समोर, बाईंच्या घराकडे.

"उलटी लागलीत मीटरं," खाडे म्हणाला. "तुमच्या घराची वीज टाकळीकराच्या मीटरवर, आणि तुमच्या मीटरवर समोरच्यांची. कोणी केलं हो हे काम?"

केबलींचा जुडगा पिवळट सुतानं बांधलेला होता, दुहेरी गाठ मारून. टेपऐवजी गिरणीतलं सूत वापरायची माझी पद्धत होती. बिल्डरचा माणूस जास्त पैसे मागत होता म्हणून मीटरपासून घरापर्यंत केबलची ओढ मीच केली होती. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, तुम्ही करताच आहात तर आमचंही करून टाका. मी एका रविवारी दोन्ही घरांची केली होती.

"बिल्डरच्या माणसानं केलं असेल," खाडे म्हणाला. "नवशिका असणार कोणीतरी."

"असेल," मी म्हणालो.

दुपारी तीन वाजता मी लाइट ऑफिसच्या रांगेत होतो. चष्मेवाल्या बाईनं टाकळीकराचा नंबर बघितला, पैसे घेतले, जोडणीचा आकार घेतला.

"सापडले का तुमचे टाकळीकर?"

"सापडले."

"कुठं होते?"

मी पावती घेतली आणि निघालो.

आवटी बाई चार दिवसांनी बेंगळुरूहून आल्या. मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच उभ्या राहिल्या.

"मी ओढ उलटी केली होती," मी म्हणालो. "मीटरांची."

"हो."

"टाकळीकर कोण?"

"माझा फ्लॅट आधी त्यांनी बुक केला होता. राहायला आलेच नाहीत, मला विकला. मीटर त्यांच्याच नावावर राहिलं. नाव बदलायला त्यांची सही लागते, ते कुठं गेले पत्ता नाही. तुम्हाला मी बिल दिलं होतं त्यावर पत्ता होता भाऊ. याच बिल्डिंगचा."

"मी फाडलं ते."

"मी तेव्हाच स्वतः भरून टाकलं असतं. पण तुम्ही मला निरोप्या म्हणालात. असं मला कोणी बोललं नव्हतं."

मग त्यांनी कडी काढली. आत खुर्ची दाखवली.

"सहा वर्षांपूर्वी मी दोन महिने बेंगळुरूला होते," त्या म्हणाल्या. "घर बंद. आले तर बिल नेहमीएवढं. शालनला दाखवलं, तर ती म्हणाली आमचं तर दोन महिने अगदी थोडं आलंय. दुपारी आम्ही दोघी खाली गेलो. तिनं माझ्या मीटरचा खटका खाली ओढला आणि मी वर येऊन बघितलं. तुमचा पंखा थांबला होता."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तेव्हा कुठं होता आठवतं का?"

मी गिरणीत होतो. चौकशी चालू होती. डबलिंग म्हणजे सूत दुहेरी करायच्या खात्यात मारुती ऐवळेचा हात मशीनला चिकटला होता, तळवा भाजला होता. समितीचं म्हणणं, वायरी उलट लागल्या होत्या आणि जोडणी मगदूमची. मी म्हणत होतो, अठ्ठावीस वर्षांत माझी एक वायर चुकलेली नाही. त्रिशलानं माझ्यासाठी साहेबांना अर्ज लिहिले होते, बाळंतपणाच्या अंथरुणावर बसून. शेवटी मला दोन वर्षं आधी घरी पाठवलं. गिरणीनं अन्याय केला, असं आमच्या घरात कायमचं ठरलं होतं.

"शालन तिथं जिन्यात खालीच बसली," बाई म्हणाल्या. "मला म्हणाली, बाई, हे ह्यांना कळता कामा नये. कळलं तर गिरणीतलंही आपणच केलं म्हणून धरून बसतील, आणि उठायचे नाहीत. मी म्हटलं, मीटर दुरुस्त तर करायला पाहिजे. ती म्हणाली, दुसरा वायरमन आणला तरी त्यांना कळणार. मग तिनंच युक्ती काढली. बँकेला नाव लागत नाही, नंबर दिला की झालं. तिनं टाकळीकरांचा नंबर लावला, माझ्या खात्यावर तुमचा लावून दिला. ज्याची वीज त्यानं भरायची. पेटीतली बिलं आम्ही आपसात बदलून घ्यायचो. त्रिशलाकडे गेली होती तेव्हा रोज फोन करायची, पहिल्या महिन्याचं नीट गेलं का म्हणून."

"तिला काय वाटत होतं? गिरणीतलं मीच केलं असं?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, मला बघायचं नाही."

बाहेर कोणीतरी जिना चढून वर गच्चीवर गेलं. बाईंनी उठून दार लोटून घेतलं.

"आणि शेवटचा फोन?" मी विचारलं.

"बसमधून केला होता. म्हणाली, हे मिक्सर उघडून बसलेत, पिन काढलीय का जरा डोकावून बघा. मी येणारच होते. तेवढ्यात कंडक्टरचा आला."

मी उठलो. दारापर्यंत आल्यावर म्हणालो, "बाई, मी तुम्हाला जे बोललो…"

"ते मी विसरले नाही," त्या म्हणाल्या. "पण आंबील पुन्हा देईन."

त्यांनी दिलीही, पुढच्या आठवड्यात.

बँकेत जाऊन मी माझ्या नावानं ऑनलाइन सुरू करून घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं बिल भरायचं दोनदा समजावून सांगितलं. टाकळीकरांचा नंबर मी स्वतः टाकला. मगदूमचं बिल बाईंच्या खात्यावरूनच जातंय ना, ते त्यांच्यासमोर बसून पाहिलं. मीटरं अजून तशीच आहेत. दुसऱ्या वायरमनला बोलावलं तर तासाभरात होईल. बाई म्हणतात, राहू दे, सवय झालीय.

मारुती ऐवळेकडे मी जाऊन आलो, पावसाळ्याच्या आधी. माधवनगरला राहतो. हात बरा झालाय, दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. मी त्याला सांगितलं की ती जोडणी माझीच चुकली असणार. तो म्हणाला, "मला माहीत होतं की भूपालअण्णा. तुमची गाठ ओळखू येते." चहा दिला. त्याच्या बायकोनं मात्र माझ्यासमोर येऊन पाणी ठेवलं नाही.

हे त्याला सांगता आलं. बाईंशी बोलता आलं. त्रिशलाला फोन करायला घेतला की मी आधी कुठून सुरू करायचं ते ठरवतो. आईचं सांगायचं तर मीटरचं सांगावं लागतं. मीटरचं सांगितलं की ती गिरणीचं विचारणार, आणि तिनं लिहिलेले अर्ज निघणार. आणि मग ती म्हणणार, पप्पा, मी तुमचं ऐकून विश्वास ठेवला. दोन्ही वेळा.

ती वर्षातून दोनदा येते. नातू मोठा झालाय. शालनच्या फोटोला हार घालायची वेळ आली की ती मुलाला पुढं करते, स्वतः स्वयंपाकघरात जाते. माझ्याकडे आली की कधी आईचं नाव घेत नाही, आणि मी काढायला गेलो तर म्हणते, पप्पा, नको.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.